निळं हेल्मेट कुणाच्या डोक्यावर?

(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. जसं बोललो तसंच छापायला दिलंय. दोनदा बोललेलं तेवढं गाळलं.)



मागच्या रविवारी वर्ग संपल्यावर तीन पोरं माझ्यापाशी आली. हातात मोबाईल, मोबाईलवर अग्निवीर भरतीचा फॉर्म. एक जण म्हणाला, दादा, मिलिटरीत गेलं की यूएनमधे पण पाठवतात म्हणे, परदेशात. तिथं लढाई नसते, शांततेचं काम असतं, भत्ता डॉलरच्या हिशेबानं. खरं का? मी म्हणालो, अर्धं खरं. उरलेलं अर्धं पुढच्या रविवारी सांगतो. तर आजचं भाषण म्हणजे त्या तीन पोरांना दिलेलं उत्तर. बाकीच्यांनी ऐकून घ्यावं, मधेच चहा आला तर चहा घ्यावा.

लढाई सोडून लष्कर काय काय करतं? दुष्काळात धान्य वाटतं. दोन देशांच्या मधल्या रेषेवर बंदूक खांद्याला लावून नुसतं उभं राहतं. दुसऱ्यांचे कैदी सांभाळतं. पुरात, भूकंपात माणसं काढतं, प्रेतं काढतं. परक्या मुलखात दवाखाना चालवतं, रस्ता बांधतं, निवडणुकीला पहारा देतं. या सगळ्याला एक गोंडस नाव आहे, शांतिसेना. डोक्यावर निळं हेल्मेट, गाडी पांढरीफेक.

आता मला सांगा, शांतता हा शब्द आपण पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकला? आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटवली. घरं जळत असताना शांतता नव्हती. जळून झाल्यावर जीप आली आणि भोंग्यावरून सांगितलं, शांतता राखा. कुणाला सांगितलं? ज्याचं घर जळालं त्याला. ज्यानं रॉकेल ओतलं तो तर शांतच होता, घरी जेवायला बसला होता. म्हणून म्हणतो, शांतता राखणारी फौज कुठंही उभी दिसली की आपल्या माणसानं आधी विचारावं, बाबा, आग लागायच्या आधीची राखतोस की नंतरची?

पण मी लष्कराला शिव्या घालायला उभा नाही हां. तेवढं सोपं असतं तर पाच मिनिटांत खाली बसलो असतो. आपलं आणि पलटणीचं नातं फार जुनं आहे आणि फार गुंतागुंतीचं आहे. १ जानेवारी १८१८ चं कोरेगाव तुम्हाला पाठ आहे, सांगत नाही. पण ज्या इंग्रजानं तो खांब उभा केला, त्याच इंग्रजानं १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. का, तर म्हणे ही लढाऊ जात नाही! गोपाळबाबा वलंगकरांना त्यासाठी अर्ज लिहावा लागला. मग पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, १९१७ ला १११ वी महार पलटण काढली. युद्ध सरलं, १९२१ ला मोडली. दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेबांनी नेट लावला, १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. गरज लागली की लढाऊ, गरज संपली की अस्पृश्य. बाबासाहेबांचे वडील सुभेदार, बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला. त्या छावणीनं आपल्याला शाळा दिली, पगार दिला, पेन्शन दिली, ताठ उभं राहायला शिकवलं. हे नाकारणारा कृतघ्न. पण ज्या हाताने दिलं तो हात कुणाचा होता, हे न विचारणारा मूर्ख.

आणि एक गोष्ट आपल्याला कुणी सांगत नाही. या रेजिमेंटनं उभी राहिल्यानंतर केलेलं एक मोठं काम म्हणजे लढाई नव्हेच. १९४७ साली पंजाब कापला गेला तेव्हा महार पलटणी तिथल्या सरहद्दीच्या फौजेत होत्या. हिंदू, शीख, मुसलमान, ज्याचा काफिला असेल त्याला सांभाळून न्यायचं. माझ्या मते ती शांतिसेनाच होती, निळं हेल्मेट नव्हतं एवढंच. आणि त्याच साली डिसेंबरात बाबासाहेब नेहरूंना पत्र लिहीत होते, की पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना तिथलं सरकार बाहेर पडू देत नाही, कारण ते गेले तर संडास कोण साफ करणार! त्यांना तिथं अत्यावश्यक सेवा म्हणून धरून ठेवलं होतं. आणि इकडे आलेल्या अस्पृश्य निर्वासितांकडं आपलंही सरकार बघत नाही, ही तक्रारही त्याच पत्रात आहे. म्हणजे बघा, आपली पोरं काफिले सांभाळतायत, आणि आपल्याच लोकांच्या काफिल्याला कुणी वाली नाही.

कोरियाचं पटकन सांगतो. १९५३ साली लढाई थांबली, पण वीसेक हजार कैदी असे होते की त्यांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं. त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख जनरल थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाचा अध्यक्ष म्हणाला, या हिंदी शिपायांचा पाय माझ्या जमिनीला लागता कामा नये. मग अमेरिकनांनी त्यांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट मधल्या पट्ट्यात नेऊन ठेवलं. पाय लागता कामा नये! हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्या सवर्ण अधिकाऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं असेल, कसं वाटतं ते.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९५१ ला, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हाच्या निवेदनात एक हिशेब आहे. वर्षाला ३५० कोटींचं उत्पन्न, त्यातले १८० कोटी लष्करावर. आणि ते म्हणतात, हा खर्च आपल्या परराष्ट्र धोरणाचं फळ आहे, आपण मित्रच ठेवले नाहीत. म्हणजे फौज कुठं आणि कशाला पाठवता हा प्रश्न आपल्या बापानं भर बाजारात विचारलेला आहे. आपण विचारला की देशद्रोही कसे ठरतो?

आता काँगो. हे नीट ऐका, कारण इथं शांतिसेनेचं पोट उघडं पडतं.

१९६० च्या जूनअखेर काँगो बेल्जियमच्या जोखडातून सुटला. पंतप्रधान झाला पॅट्रिस लुमुंबा, टपालखात्यात कारकुनी केलेला काळा माणूस. दोन आठवडे होत नाहीत तोवर कटांगा प्रांत फुटून निघाला. का फुटला? कटांगात तांबं, कोबाल्ट, युरेनियम. हिरोशिमावर जो बॉम्ब पडला त्याचं युरेनियम त्याच मातीतलं. खाणी बेल्जियन कंपनीच्या. कंपनीनं फुटीर सरकार पोसलं, भाडोत्री गोरे शिपाई आणले. लुमुंबानं स्वतः यूएनला बोलावलं, या, माझा देश एक ठेवा. यूएनची फौज आली आणि म्हणाली, कटांगा हा तुमचा अंतर्गत मामला, आम्ही त्यात पडत नाही. पुढे सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षानं लुमुंबाला बडतर्फ केलं तेव्हा मात्र याच यूएनवाल्यांनी विमानतळ बंद केले, रेडिओ स्टेशन बंद केलं. ज्याची ताकद त्याच्या भाषणात होती त्याचाच आवाज बंद. ही यांची नि:पक्षपाती!

लुमुंबाच्या घराला यूएनच्या शिपायांचं कडं होतं. २७ नोव्हेंबर १९६० ला तो त्या कड्यातून निसटला, आपल्या लोकांत जायला निघाला. वाटेत मोबुतूच्या माणसांनी धरला. जवळच्या यूएन तुकडीला वरून आदेश होता, मधे पडू नका. यूएनचा तिथला मुख्य प्रतिनिधी त्या वेळी एक भारतीयच, राजेश्वर दयाळ. माणूस वाईट नव्हता, मोबुतूच्या विरोधात त्यानं रिपोर्ट लिहिले. पण रिपोर्ट लिहून लुमुंबा वाचला नाही. १७ जानेवारी १९६१ ला कटांगात नेऊन गोळ्या घातल्या, प्रेत कापून ॲसिडमधे विरघळवलं. एक दात उरला, तो एका बेल्जियन पोलिसवाल्यानं आठवण म्हणून घरी नेला. २०२२ साली बेल्जियमनं तो दात पेटीत घालून लुमुंबाच्या पोरांना परत केला. दात!

आपली ब्रिगेड पोचली लुमुंबा मेल्यावर. मग आदेश बदलले, मग बळ वापरायची परवानगी मिळाली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिलला लढता लढता पडला, परमवीर चक्र मिळालं. १९६३ च्या जानेवारीत कटांगा मोडला. आपल्या जवानांनी सोपवलेलं काम चोख केलं. आणि देश कुणाच्या हाती गेला? मोबुतूच्या. तो १९९७ पर्यंत बसून खात होता. सलारियाच्या शौर्याला मी हात लावत नाही. मी विचारतो ते एवढंच, की तेच बळ आधी का नाही वापरलं? कारण आधी वापरलं असतं तर लुमुंबा जगला असता.

आता सोमालिया. हे मी पुस्तकातनं कमी आणि एका माणसाकडून जास्त ऐकलंय.

आमच्या नात्यातले एक काका आहेत. सातारा जिल्ह्यातलं गाव. महार रेजिमेंटमधे लान्सनायक होते. १९९३ साली भारताची एक पूर्ण ब्रिगेड, साडेचार-पाच हजार माणसं, सोमालियाला गेली. त्यात बिहार रेजिमेंट होती, जम्मू-काश्मीरची पलटण होती आणि महार रेजिमेंटची पण होती. त्याआधी काय झालं होतं? सरकार कोसळलं, टोळ्यांचे सरदार बंदुका घेऊन सुटले, दोन नद्यांच्या मधला जो शेतीचा पट्टा, तिथलं धान्य लुटून नेलं. लाखो माणसं उपाशी मेली. दुष्काळ पावसानं पडला नव्हता, बंदुकीनं पाडला होता. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकन शिपाई टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे किनाऱ्यावर उतरले, जसं सिनेमाचं शूटिंग. त्यांचं कचेरीचं काम चाललं होतं मोगादिशूतल्या एका अमेरिकन तेल कंपनीच्या आवारातून, हेही लक्षात ठेवा. पुढच्या ऑक्टोबरात त्यांचे अठरा शिपाई एका रात्रीत मेले, तसे ते निघून गेले. मागे कोण राहिलं? भारत, पाकिस्तान, गरीब देशांच्या फौजा.

काकांची तुकडी बैदोआच्या बाजूला होती. काम धान्याच्या ट्रकला पहारा देण्याचं आणि वाटपाच्या वेळी दोरी धरायचं. काका सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा दोरी माझ्या हातात होती रे. गावात पाणवठ्यावर आम्ही दोरीच्या पलीकडं. इथं मी अलीकडं, हातात रायफल, आणि समोर हजार माणूस रांगेत. पहिल्या दिवशी हात थरथरत होता.

तिसऱ्या-चौथ्या वाटपाला त्यांच्या लक्षात आलं, की काही माणसं रांगेतच येत नाहीत. लांब बाभळीखाली बसून राहतात. सगळे घेऊन गेले की मग येतात, उरलंसुरलं नेतात. काकांनी दुभाष्याला विचारलं, ते का नाही येत? दुभाष्या म्हणाला, त्यांचं नंतर असतं. बस, एवढंच. काका म्हणतात, मला त्याची भाषा येत नव्हती, पण हे वाक्य कळायला भाषा लागत नाही.

मित्रहो, आपल्याला वाटतं जात हे फक्त हिंदूंचं दुखणं. मी नंतर वाचून काढलं. सोमाली समाजात कातडं कमावणारे, लोहारकी करणारे, असे काही गट आहेत. मिदगान, टुमाल, यिबिर. मिदगान ही तर शिवीच, आता ते स्वतःला गबोये म्हणवतात. 'उच्च' टोळीतला माणूस त्यांच्यात लग्न करत नाही. केलंच तर मुलीला घराबाहेर. आणि नदीकाठी बांटू शेतकरी. त्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या खालच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलं. त्यांना केसांवरून हिणवतात. धर्म सगळ्यांचा एक, भाषा बहुतेकांची एक, कातडी काळी ती काळीच. तरी बाभळ वेगळी. दुष्काळात सगळ्यात जास्त मेले ते हेच नदीकाठचे, कारण त्यांच्या पाठीशी बंदूकवाली टोळी नव्हती.

मग काकांनी काय केलं? हवालदाराला सांगितलं. हवालदार म्हणाला, अपना काम गिनती करना है. पण पुढच्या वाटपाला काकांनी दोरी अशी लावली, की बाभळीकडनं येणारी वाट आधी सुटली. हातवारे करून त्या लोकांना पुढं बोलावलं. ते येईनात. एक म्हातारी उठली, मग दहा-बारा जण. पहिली पोती त्यांना दिली. काका सांगतात, मला वाटलं आपण चवदार तळ्यावर उभे आहोत.

दुपारी चारला तुकडी छावणीत परत. नियमच तसा. रात्री बंदूकवाले त्या पालांत गेले, पोती नेली आणि म्हातारीच्या पोराचा हात मोडला. दोन दिवसांनी काकांना कळलं. त्यानंतरच्या वाटपाला बाभळीखालून कोणीच उठलं नाही.

हे सांगताना काका दर वेळी इथंच थांबतात. मी त्यांना एकदा विचारलं, मग तुमचं चुकलं का? ते म्हणाले, चुकलं चार वाजता.

हे चार वाजता म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. गावात प्रकरण झालं की वस्तीवर पोलीस बंदोबस्त बसतो. पंधरा दिवस, महिना. गाडी निघाली की दुसऱ्या दिवशी किराणा बंद, दळण बंद, रस्ता बंद. बंदोबस्तात जगलेली माणसं इथं बसली आहेत. त्यांना सोमालियाचा नकाशा बघायची गरज नाही.

१९९४ च्या ऑगस्टमधे बैदोआत आपले तीन डॉक्टर मारले. दवाखाना चालवणारी माणसं. त्या वर्षाअखेर आपली ब्रिगेड परत आली, १९९५ च्या मार्चमधे यूएन पूर्ण निघालं. आणि तिथंच कॅनडाच्या शिपायांनी काय केलं तेही ऐका. १६ मार्च १९९३ च्या रात्री त्यांच्या छावणीत शिरला म्हणून शिदान अरोन नावाचा सोळा वर्षांचा पोरगा धरला आणि रात्रभर हालहाल करून मारला. त्याच्यासोबत फोटो काढले! शेवटी कॅनडाला ती अख्खी रेजिमेंट १९९५ मधे मोडावी लागली. ती मोडली का? तर प्रकरणं बाहेर आली म्हणून. आपल्याकडल्याही काँगोतल्या एका तुकडीवर पुढे बायकांच्या बाबतीत आरोप झाले, लष्कराला चौकशी बसवावी लागली. निळं हेल्मेट घातलं की डोकं आपोआप निळं होत नाही, बाबांनो.

हैतीचं तर विचारूच नका. गुलामांनी बंड करून उभं केलेलं पहिलं काळं प्रजासत्ताक. तिथं २०१० च्या भूकंपानंतर शांतिसेनेच्या छावणीची घाण नदीत सोडली, त्यातून कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. लोकांनी दावा लावला, यूएन म्हणालं आम्हाला कोर्टापासून संरक्षण आहे. माफी मागायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. छावणी नेपाळी जवानांची होती. गरीब देशाच्या पोरांनी गरीब देशाची नदी नासवली, आणि बोळे नीट बांधले की नाहीत हे बघायची ज्याची जबाबदारी तो न्यूयॉर्कला.

आणि श्रीलंका. हे यूएनचं नव्हतं, आपलं एकट्याचं होतं, आणि नाव तेच, शांतिसेना. २९ जुलै १९८७ ला करार, ऑक्टोबरात लढाई. शांतता करायला गेलेली फौज तीन महिन्यांत तोफा डागत होती. आठव्या महार पलटणीचा मेजर रामस्वामी परमेश्वरन, जन्मानं आपल्या मुंबईचा, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडला, परमवीर चक्र मिळालं. मार्च १९९० ला फौज परत आली तेव्हा अकराशेवर जवान गेले होते. तामिळ माणसाला विचारा, तो तुम्हाला जाफन्याचं हॉस्पिटल सांगेल. ऑक्टोबर १९८७, दिवाळीचे दिवस, भारतीय फौज आत शिरली आणि पेशंट, डॉक्टर, नर्स मिळून साठ-सत्तर माणसं मेली. दोन्ही गोष्टी खऱ्या. परमेश्वरनही खरा, हॉस्पिटलही खरं. एक सांगायची आणि एक झाकायची, हे आपल्या चळवळीत चालणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे शांतिसेना नकोच? थांबा. १९९४ साली रवांडात यूएनची फौज होती. तुत्सींची कत्तल सुरू झाली. दहा बेल्जियन शिपाई मारले गेले, बेल्जियम पळालं, आणि २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं ठराव केला की फौज कमी करून २७० वर आणा. कत्तल चालू असताना! शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कोयत्यांनी तोडली. तिथला सेनापती, कॅनडाचा डॅलेअर, फौज मागत होता, कुणी दिली नाही. बोस्नियात स्रेब्रेनित्सा हे गाव यूएननं 'सुरक्षित' म्हणून जाहीर केलं होतं, डच शिपाई पहाऱ्याला ठेवले होते, आणि रवांडाच्या पुढच्याच वर्षी त्यांच्या डोळ्यांदेखत आठ हजार मुसलमान पुरुष आणि पोरं नेऊन मारली. तेव्हा जो म्हणतो की परकी फौज कुठंच नको, त्यानं रवांडाच्या माणसापुढं उभं राहून म्हणावं. मी म्हणू शकत नाही. आपल्या लोकांनी कितीदा रात्र रात्र जागून पोलिसांच्या गाडीची वाट बघितली आहे.

यांच्या शांतिसेनेचे तीन नियम आहेत. दोन्ही बाजूंची संमती. नि:पक्षपात. आणि स्वतःच्या बचावाखेरीज गोळी नाही. कागदावर छान. पण हे नियम दोन देशांची फौज समोरासमोर असेल तेव्हाचे. पाटील आणि महारवाडा यांच्यामधे हे नियम लावून बघा. दोघांची संमती म्हणजे पाटलाची संमती. नि:पक्षपात म्हणजे काठी असलेल्याला आणि डोकं फुटलेल्याला एकाच मापानं मोजणं. २००० साली यूएनच्याच समितीनं, ब्राहिमींच्या रिपोर्टानं, हे कबूल केलं, की एक बाजू उघड मारत असताना दोघांना सारखं वागवणं म्हणजे मारणाऱ्याला सामील होणं. आपण हे शांतता समितीच्या बैठकीत पन्नास वर्षं सांगत होतो, आपल्याला कुणी रिपोर्ट लिहायला बोलावलं नाही.

आता पैसा. पोरांचा मूळ प्रश्न तोच होता. यूएन एका शिपायामागे महिन्याला चौदाशे डॉलरच्या वर देतं. कुणाला देतं? सरकारला. शिपायाला सरकार ठरवेल तो भत्ता. काकांनी त्या भत्त्यातून गावात दोन खोल्या पक्क्या बांधल्या, मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण बघा, गेली कित्येक वर्षं सगळ्यात जास्त शिपाई कोण पाठवतं? नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत. भारतानं १९४८ नंतर पन्नासच्या आसपास मोहिमांत अडीच लाखांवर माणसं पाठवली. १८० च्या आसपास मेली, दुसऱ्या कुठल्या देशाची इतकी मेली नाहीत. आणि कुठं जायचं, कधी थांबायचं, किती गोळ्या, हे ठरवण्याचा नकाराधिकार पाच जणांकडं. बिल भरण्यात मोठा वाटा अमेरिकेचा, तीही थकवते. २०२५ मधे पैशाअभावी शांतिसैनिकांत चौथ्या हिश्श्याची कपात करायची वेळ आली. एकानं ठरवायचं, एकानं पैसे मोजायचे आणि एकानं मरायचं. ही वाटणी आपण कुठंतरी आधी पाहिली आहे ना? मनूनं लिहिलेलीच आहे, फक्त न्यूयॉर्कला इंग्रजीत टाईप केली.

आणि ज्या यूएनसाठी आपली पोरं जातात, त्या यूएनचं दार आपल्यासाठी उघडं आहे का? १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डुबॉईसना पत्र लिहिलं. काळ्या लोकांनी यूएनकडं अर्ज केलाय असं ऐकतो, त्याच्या प्रती पाठवा, आम्हीही अस्पृश्यांचा प्रश्न तिथं न्यायचा विचार करतोय. डुबॉईसनी उत्तर दिलं. ही आपली आंतरराष्ट्रीय भागीदारी, फौजेशिवायची. पंचावन्न वर्षांनी, २००१ ला, डर्बनला वंशद्वेषाविरुद्ध यूएनची परिषद भरली. आपले कार्यकर्ते तिकिटाला वर्गणी काढून गेले. भारत सरकार म्हणालं, जात हा आमचा अंतर्गत मामला. अंतर्गत मामला! कटांग्यात यूएन हेच म्हणालं होतं. सोमालियात ब्रिगेड पाठवताना तिथला मामला अंतर्गत नव्हता, डर्बनमधे आपला मात्र अंतर्गत.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. आपलं नौदल काही तासांत श्रीलंकेला, मालदीवला मदत घेऊन निघालं. जगानं वाहवा केली आणि ती रास्त होती. त्याच दिवसांत नागपट्टणमला दलितांना मदतछावण्यांत घेत नव्हते, पाण्याला हात लावू देत नव्हते. किनाऱ्यावरची सडलेली प्रेतं उचलायला मात्र दुसऱ्या गावांतनं सफाई कामगार आणले, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही. कोण होते ते? जात विचारायची गरजच नाही. ती पण लढाईशिवायची मोहीमच होती. तिला हेल्मेट नव्हतं, मेडल नव्हतं, चौदाशे डॉलर नव्हते.

तर, ती तीन पोरं. कुठं बसलीत? हां. फॉर्म भरू नका असं मी सांगणार नाही. तुमच्या घरात चूल पेटायची आहे आणि माझं भाषण उकळून ती पेटणार नाही. पण फॉर्म नीट वाचा. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर शंभरातले पंचवीसच पुढं ठेवणार, उरलेल्यांना पेन्शन नाही. काकांना पेन्शन होती, म्हणून ते गावात पाटलाच्या दारी उभे राहिले नाहीत. हा फरक घरच्यांना समजावून सांगा. आणि गेलात, निवडले गेलात, परदेशात कुठं दोरी धरायला उभे राहिलात, तर बाभळीखाली कोण बसलंय ते बघा आणि चारनंतर काय होतं ते विचारून ठेवा. हवालदार रागावेल.

पुढच्या रविवारी काका येणार आहेत. त्यांना आता कमी ऐकू येतं, प्रश्न मोठ्यानं विचारा. मेडल आणायला सांगितलंय, आणतील की नाही माहीत नाही. फॉर्मची शेवटची तारीख कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवा.

जय भीम.